लंगड्यांची पागा

कोथरूडच्या लोकांनी त्या जागेला लंगड्यांची पागा हे नाव ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. ओढ्याच्या काठी एका म्हाताऱ्या घोडेस्वाराचं शेत होतं. शेताच्या कडेला दोन लांब छपरं, आणि त्यांखाली फौजेने, तांड्यांनी, गाडीवानांनी टाकून दिलेली जनावरं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाच बैल, तीन तट्टं आणि एका डोळ्याने आंधळा उंट अशी मंडळी तिथे राहत होती.

मी सरकारी पागेत कारकून होतो. सकाळी नारायण पेठेतल्या घरून निघायचं, घोड्यांची हजेरी घ्यायची, कोणता आजारी, कोणता कामाचा ते लिहायचं. जो घोडा वैद्याच्या हातून बरा होईना, त्याच्यापुढे मी ‘निकामी’ असं लिहीत असे. पुढे त्या घोड्याचं काय होतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. कागद वर गेला की माझं काम संपलं.

एका कुमेत, म्हणजे तांबूस-काळ्या रंगाच्या घोडीने मात्र विचारायला लावलं. तिच्या पुढच्या डाव्या खुरात काटा मोडून पू झाला होता आणि ती पाय टेकवत नव्हती. मी तिच्यापुढे ‘निकामी’ लिहून शाईवर वाळू टाकत होतो, आणि ती माझ्या उपरण्याचं टोक चघळत उभी होती. तिची निगा राखणारा मोतद्दार तिला न्यायला आला.

“कुठे नेतोस?” मी विचारलं.

“नदीपल्याड सोडून द्यायचा हुकूम हाय. पर मी सोडत न्हाई. कोथरुडात म्हातारा-म्हातारी हायत, त्यांच्या दारात बांधून येतो.”

त्या दिवशी मी त्याच्याबरोबर नदी उतरून गेलो.

म्हातारी शेण गोळा करत होती. तिने घोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याला हाक मारली. तो आला, खाली बसला, घोडीचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि खुराचा वास घेतला. “कुजलंय. पर हाडापर्यंत न्हाई गेलं,” एवढंच बोलला. मी त्याला राऊत म्हणू लागलो. घोडेस्वाराला आम्ही तसंच म्हणत असू. तो मला पंत म्हणे, आणि त्याच्या म्हातारीला मी बाई म्हणे.

हे सगळं राऊताने सुरू केलं असेल अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. तो एका मोहिमेवर गेलेला असताना धान्य वाहणाऱ्या तांड्याचा एक बैल ओढ्याच्या चिखलात रुतला. तांडा त्याला तसाच टाकून पुढे गेला. बाईंनी गावातल्या चार बायका जमवल्या आणि दोर बांधून त्याला बाहेर ओढला. मग दुसरा आला, तिसरा आला. राऊत दोन वर्षांनी परतला तर गव्हाच्या जागी वैरणीचं कडवळ उभं होतं आणि दारात चार जनावरं.

“हे काय, असं मी विचारलं,” राऊत सांगत होता. “तर म्हणाली, तुमी नव्हता. बोलायला कुणीतरी पायजे का नको?”

बाई तिकडून म्हणाल्या, “आन् ती ऐकून तरी घेत्यात.”

पुढे दर आठ-दहा दिवसांनी मी जाऊ लागलो. राऊत रोज घोडीचा खूर कडुनिंबाच्या कोमट पाण्यात धरून बसे. पू कोरून काढी, तेल-हळद भरी, चिंधी बांधी. असे महिने गेले. खूर खालपर्यंत नवा वाढून येईपर्यंत तिला नाल ठोकायचा नाही, असं त्याचं म्हणणं. आमच्या पागेतला वैद्य हे ऐकून हसला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ती घोडी शेताच्या बांधावरून दौडताना मी पाहिली. बाई पदर कमरेला खोचून नुसत्या उभ्या होत्या.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडची मोहीम निघाली. घोडे कमी पडले. आमच्या अंमलदारांनी मला बोलावलं. “तुमची ती कोथरूडला जाऊन धडधाकट झालेली घोडी आहे म्हणे. जाऊन पाहा. चालत असेल तर घेऊन या, चालत नसेल तर तसं लिहा.”

मी आणि मोतद्दार गेलो. का आलो ते सांगितल्यावर बाई घोडीच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“तुमीच लिवलं होतं ना, कामाची न्हाई म्हणून? मग आता कशी झाली? तुमी टाकायचं, आमी उठवायचं, आन् उठलं की तुमी न्यायचं!”

मी राऊताला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, “अजून लंगडते, असं लिहितो. कोण बघायला येणार आहे?”

त्याने वळून घोडीच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, “न्हाई पंत. ती लंगडत न्हाई. ते बघायला मला तीन पावसाळे लागले. खोटं कसं लिवायचं?” आणि पुढे म्हणाला, “तिच्यावर कुणीतरी स्वार हुनार. धड घोडी न्हाई मिळाली, तर तो माणूस मरंल.”

त्यानेच तिला सोडलं. लगाम मोतद्दाराच्या हाती दिला नाही. स्वतः शहराबाहेरच्या तळापर्यंत चालत आला. ज्या स्वाराला ती मिळाली, त्याला जमिनीवर बसवून डावा खूर दाखवला. ओल्यातून आली की लगेच पुसायचा, खडकाळ वाटेवर उतरून चालायचं. स्वार चाळिशीचा, दमलेला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. बाई आल्या नव्हत्या. त्यानंतर सहा महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र जातच राहिलो, कडबा तोडत बसू लागलो.

दीड वर्षाने तो स्वार पागेच्या दारात उभा राहिला. पायी आला होता. खुराची शिकवण देणाऱ्या म्हाताऱ्याचं घर कुठे, असं त्याने विचारलं. मी त्याला घेऊन गेलो.

“घोडी गेली,” तो राऊतासमोर बसून म्हणाला. “परतीच्या वाटेवर. पायानं न्हाई गेली. पाय शेवटपतुर चांगला होता, हे सांगायला आलो.”

“मग कशानं?” बाईंनी विचारलं.

“वैरण नव्हती, आई. झाडाचा पाला घातला, तोबी संपला. आमालाबी काई नव्हतं.”

राऊत उठून छपरामागे गेला. बाईंनी त्या माणसासमोर भाकरी ठेवली आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. जाताना तो त्यांच्या पाया पडला.

राऊत त्यानंतर चार वर्षं होता. तो गेल्यावर बाईंनी छपरं चालू ठेवली. तोवर मीही पागेतलं काम सोडलं होतं आणि माझे बरेचसे दिवस तिथेच जात. एका दुपारी आम्ही दोघं एका बैलाच्या मानेवरची जखम धूत होतो. इतकी वर्षं मनात अडकलेलं मी विचारून टाकलं.

“बाई, तेव्हा मी खोटं लिहायला हवं होतं का?”

त्यांनी हात थांबवला नाही. “लिवलं असतं तर ती जगली असती. आन् ह्यांनी तुमाला परत दारात उभं केलं नसतं.”

“मग काय करायला हवं होतं?”

“मला काय ठावं? मला दोनी पायजे होतं.”

मग त्यांनी बैलाची मान माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, “घट्ट धरा. आता झोंबंल त्याला.”