वाक्यात उपयोग कर

मला इंग्रजी येत होतं, तिथंच माझा घात झाला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी जळगावच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बी.एड. करून शाळेत शिकवायचं, एवढं एकच मनात होतं. त्यात धुळ्याच्या पाहुण्यांनी मला बघायला यायचं ठरलं. घरात नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी बेत केला, की विचारतील त्याचं उत्तर चुकवायचं. ढ मुलगी कोण करून घेईल? मुलाचे वडील हायस्कुलात इंग्रजीचे गुरुजी, परीक्षा घेतल्याशिवाय उठत नाहीत म्हणे. ते तर माझ्या पथ्यावरच पडलं.

पोहे झाले. नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं. मग गुरुजी म्हणाले, "सांग बेटा, शुअर म्हणजे काय? अर्थ सांगून वाक्यात उपयोग कर."

मी ठरल्याप्रमाणे मान खाली घालून म्हणाले, "नाही येत." सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मुलाची आत्या कनवाळूपणे म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना भाऊ, खेडानी पोर शे."

खेड्यातली पोर म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. "शुअर हे विशेषण आहे. अर्थ, खात्री असलेला," मी म्हणाले आणि एकाच्या जागी तीन वाक्यं ठोकली. आय ॲम शुअर ऑफ माय आन्सर. ही इज शुअर टु कम. आय ॲम नॉट शुअर. गुरुजींनी मांडीवर थाप मारली. आबा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. मीही फुशारले होते, खोटं कशाला सांगू.

आईने आत बोलावून विचारलं, "तुले पसंद शे ना?"

आत्ताच म्हटलेलं तिसरं वाक्य आमच्या बोलीत सांगायचं, एवढंच काम होतं. ते तोंडातून फुटेना. "आबा म्हनतीन तसं," मी म्हणाले.

बाहेर सुपारी फुटली. आबांनी विचारलं, "पोरीचं शिक्षण पुरं होईल ना?"

"शुअर," गुरुजी म्हणाले.

तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायच्या वेळी मी बाळंतपणात होते. पुढल्या वर्षी सासूबाईंचं दुखणं निघालं. नंतर कुणी विषय काढला नाही, मीही नाही. मला सासऱ्यांचा राग यायचा, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा यायचा.

सासरे निवृत्त झाले आणि घरीच शिकवण्या घेऊ लागले. मुलं चुकली की ओट्याकडे तोंड करून हाक मारायचे, "सूनबाई, शुअर." मी पिठाच्या हातांनी दारात येऊन तिन्ही वाक्यं म्हणायचे. "बघा, एक चूक नाही," ते मुलांना सांगायचे. मला तिथल्या तिथं गाडून घ्यावंसं वाटायचं.

एका संध्याकाळी ठरवून गेले, की आज चुकायचंच. सतरंजीवर पुढेच दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती. वही उघडून, पेन धरून ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी सांगेन ते उतरवून घ्यायला.

मी तिन्ही वाक्यं बरोबर म्हटली. तिचं तिसरं लिहायचं राहिलं, म्हणून ते पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"बस झालं, जा आता," सासरे म्हणाले, "भाकरी जळेल."

मी गेले.