लिंबांचा वाडगा

जुन्या बाजारात भजनांच्या रेकॉर्डच्या ढिगात मला एक अमेरिकन तबकडी सापडली. रॉकबिली, म्हणजे गावरान ढंगाचं रॉक अँड रोल, अगदी सुरुवातीच्या काळातली. गायकाचं नाव लेबलावरून पुसलेलं. घरी लावली, तर गडी गिटार बडवत, गाडी चुकणार असल्यासारखा धापा टाकत गातोय! माझा पाय थांबेना. तीनदा ऐकली, तरी जिवाला चैन पडेना. असे किती आवाज कायमचे गेले असतील?

आमच्याच घरी, बाबा गेल्यावर आईने त्यांच्या तबकड्या उकळत्या पाण्यात मऊ करून त्यांचे वाडगे वळले होते. मी कौतुकाने बघत होतो. त्यातला एक अजून टेबलावर आहे. लिंबं बाजूला ओतून मी त्याच्या रेघांवरून नख फिरवत बसलो.

"अहो, काय शोधताय त्यात?" बायकोने विचारलं.

"बाबा काय ऐकायचे, ते."