हात ढिला सोड, बाई

मी कादंबरीकार आहे हे आमच्या मूल गावात फारसं कोणाला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी मला मोठ्या मनानं माफ केलं आहे. साहित्य संमेलनांत मात्र माझा भारी मान. "मुस्लिम असूनही मराठीत लिहितात," अशी माझी ओळख करून दिली जाते, टाळ्या पडतात, आणि चहाच्या वेळी पहिल्या रांगेतला कोणीतरी येऊन सांगतो, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" मी म्हणते, "तुमचंही." त्यांना ते लागत नाही. उलट खूश होतात.

मग ठरलेला प्रश्न येतो, तुमच्यावर कोणाचा प्रभाव? मी सांगते, अम्मीच्या बांगड्यांच्या दुकानाचा. लोक हसतात आणि तो माझा विनय समजतात.

विनय कसला डोंबलाचा! अम्मी मनियारीण आहे. मूलच्या बाजारात तिचं दुकान, आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत कापडी पाल. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण दुकानात माझ्याशीसुद्धा तिची बोली अशी की खेड्यातल्या बाया तिला आपल्याच गावची समजतात. काचेची बांगडी चढवायची तर हात ढिला लागतो. बाईनं हात आवळला की काच फुटते. म्हणून अम्मी पंजा दाबत दाबत तिला बोलतं करते. हात दुसऱ्याच्या ताब्यात असल्यामुळे बाईला उठून जाता येत नाही, आणि दोघींची नजर बांगडीवर असल्यामुळे तोंडाकडे कोणी बघत नाही. अशा वेळी बाई खरं बोलते. बांगड्या रंगाप्रमाणे लावत मी लहानपणापासून ते ऐकत आले.

आता मी राइस मिलच्या वरच्या खोलीत लेखनाचा वर्ग चालवते. खालून कोंडा उडतो, वर मी 'जिवंत संवाद' शिकवते. मुलं वहीत उतरवून घेतात आणि विचारतात, "मॅडम, स्पर्धेत कसली कथा चालते?"

तर माझी पहिली कादंबरी त्या दुकानातल्या बोलण्यावर उभी राहिली. एका बाईनं अम्मीला सांगितलं होतं की धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती ताप आल्याचं सोंग करते आणि दुपारभर घरात एकटीच निजते. वर्षातली तेवढीच तिची सुट्टी. मी नाव-गाव बदलून ते लिहिलं. समीक्षकांना त्यात स्त्रीचा मूक विद्रोह दिसला. अम्मीला मात्र दुकान बसलेलं दिसलं. "बाया भरोशानं बोलते माह्याजवळ," ती म्हणाली. "आता कोण हात देईन मले?"

पुढच्या यात्रेत ती बाई खरंच पालात आली. लेकीनं तिला पुस्तक वाचून दाखवलं होतं. अम्मीचा चेहरा उतरला.

"बाई, तुमच्या पोरीनं माही गोष्ट लिवली म्हणे," ती म्हणाली. "बरं केलं. पण ताप काऊन लिवला? मलेरिया लिवाचा होता. सासू तापाले मानत नाई."

आणि हात पुढे करून बसली.

दुकान बसलं नाही, उलट रांगा लागल्या. पण त्या बांगड्यांसाठी नव्हत्या. आता प्रत्येकीला पुस्तकात जायचं होतं, आणि जी ती घरून गोष्ट तयार करून येत होती. हात अम्मीकडे, तोंड माझ्याकडे. योग्य जागी हुंदका, योग्य जागी पदर. एकीनं तर आपली सासू वाघाच्या तोंडी दिली. सासू त्या वेळी समोरच्या दुकानात शेव-चिवडा घेत होती. माझ्या वर्गातली मुलंही इतकं वाईट लिहीत नाहीत, आणि मी ते कौतुकानं म्हणत नाहीये.

"पयले बाया बोलत होत्या," अम्मी एकदा म्हणाली. "आता सांगून राह्यल्या."

तिला ते बोलणं हवं होतं. दिवसभर मान मोडून बसायची ती त्या बोलण्यासाठी, आणि मी तेच तिच्यापासून तोडलं होतं. मला फार वाईट वाटलं. अर्थात मीही कोरडीच पडले होते. दुसरी कादंबरी अर्धी झाली, असं मी प्रत्येक व्यासपीठावरून सांगत होते, आणि लोक त्यालाही टाळ्या देत होते.

यंदा मार्कंड्याला दुपारी गर्दी ओसरली. बाया दर्शनाच्या रांगेत होत्या. पालात आम्ही दोघीच. अम्मीनं हिरव्या बांगड्या उचलल्या आणि माझा हात ओढून घेतला. लिहायला लागल्यापासून मी तिच्याकडून बांगड्या भरून घेतल्या नव्हत्या. फक्त शेजारी बसून ऐकत होते.

"हात ढिला सोड, बाई," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला म्हणते तसंच.

ती पंजा दाबत राहिली. दोघी बांगडीकडे बघत होतो. आणि मी बोलून गेले. कादंबरी अर्धी नाही, एक ओळही नाही. वर्गात मुलांना शिकवताना माझं बिंग फुटेल अशी भीती वाटते. आता मला काही लिहिता येईल असं वाटत नाही, अम्मी.

बोलून झाल्यावर मी दचकून पालाबाहेर बघितलं, कोणी ऐकलं तर नाही.

अम्मीनं शेवटची बांगडी अलगद मनगटावर सरकवली.

"भिऊ नोको," ती म्हणाली. "मी लिवत नाई."