खाटेखालची पाहुणी

“आधी खाली या, मग बोला.” मावशींचं हे पालुपद. एकदा शिडीवर चढून पंखा दुरुस्त करणाऱ्यालाही त्यांनी असंच खाली बोलावलं. काय चुकलं म्हणून तो बिचारा घाबरून उतरला, तर म्हणाल्या, “चहा घेणार का, एवढंच विचारायचं होतं.”

म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात त्या आया होत्या. कुणाचं भांडं उचल, कुणाची कूस बदल, कुणाचं तोंड पूस. यातच केस पिकले. थकवा अंगात असा मुरला होता की झोपूनही जात नसे. उठताना त्या गुडघ्यांनाच समजावत, “चला बाबांनो, आजचा दिवस तेवढा ढकला.” डॉक्टरांनी बजावलं होतं, “जमिनीवर बसू नका. उजवा गुडघा एकदा गेला की गेला.”

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे गवंडी होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. उभा जन्म भिंती रचण्यात गेला, आणि उतारवयात डोक्यातलीच भिंत ढासळली. छत अंगावर येतंय म्हणून ते खाटेखाली शिरले, ते बाहेर येईनात. खाणं सुटलं, मग पाणीही सुटलं. पाण्याची भरलेली वाटी खाटेखाली त्यांच्या उशाशी तशीच पडून.

सिस्टर म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत पाणी पोटात गेलं नाही, तर हात बांधून नळी घालावी लागेल. माझ्यापुढे दुसरा इलाज नाही.”

मुलगा आला होता, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. उभ्यानेच ओरडत होता, “बाबा, वर या! किती तमाशा करायचा माणसाने?” प्रत्येक हाकेसरशी मिस्त्री भिंतीकडे आणखी सरकत.

मावशींची पाळी संपली होती. पिशवी हातात होती, डोळे मिटायला आले होते. त्या दारापर्यंत गेल्या. मग परत आल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि खाटेचा पाय धरून खाली बसल्या. गुडघ्यात कटकन वाजलं. सिस्टर “मावशी!” म्हणेपर्यंत त्या आडव्या होऊन आत सरकल्याही होत्या.

आत धूळ होती, फिनाइलचा वास होता आणि भेदरलेला एक श्वास.

“कोण?”

“पाहुणी.”

“कुठं उतरलात?”

मावशी कळ गिळून म्हणाल्या, “इथंच. तुमच्याकडे.”

“इथं? अहो, छत पडतंय इथलं.”

“पडू दे. पडलं तर दोघांवर पडेल.”

मिस्त्री भिंतीपासून थोडे इकडे सरकले. मग त्यांच्यातला घरधनी हळूहळू जागा झाला. “पाहुणी आली आणि कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही?” ते चिडून पुटपुटले. चाचपडत त्यांनी वाटी पुढे सरकवली.

मावशी अर्धी प्यायल्या. “आता तुम्ही घ्या. पाहुणीने एकटीनं प्यायचं म्हणजे काय?”

मिस्त्री प्याले. सिस्टरनी नळीचा ट्रे गुपचूप परत नेला.

मावशींना बाहेर ओढायला तीन माणसं लागली. गुडघा मात्र गेला तो गेलाच, आणि त्याच्याबरोबर नोकरीही. निघायच्या दिवशी सिस्टरनी रागानेच विचारलं, “काय गरज होती मावशी? नळीने भागलं असतं.”

मावशी काठीवर रेलून जरा दम खात उभ्या राहिल्या.

“सिस्टर, देवाला स्वर्गातून हाका मारता आल्या नसत्या का? त्याचा आवाज काय कमी होता? पण भ्यालेलं माणूस हाकेनं येत नाही, ते त्याला ठाऊक. म्हणून तो बाळ होऊन उतरला. आपल्यासारखाच भुकेजला, दमला, रडला. आपलं मरणसुद्धा मेला, क्रुसावर. आणि परत गेला तो तरी धड गेला का? हातापायांत खिळ्यांची भोकं घेऊन गेला. माझा तर एकच गुडघा.”

सिस्टरना हसू आलं, मग हसूही धड येईना.

“आता काय करणार?”

“झोपणार,” मावशी म्हणाल्या.

मिस्त्री अजून खाटेखालीच असत. पण जेवत, पाणी पीत. त्या दिवशी त्यांचा मुलगाही आत पालथा पडला होता, चुरगळलेल्या सदऱ्यात. तिथून दोघांना मावशींचं तोंड दिसलं नाही. दिसली ती काठी, एक सरळ पडणारं पाऊल आणि मागून फरफटत येणारं दुसरं. लांबलचक फरशीवरून ती पावलं दाराच्या उजेडापर्यंत गेली, उंबऱ्यापाशी थोडी अडखळली आणि उतरून गेली. बापलेक खाटेखालून बघत राहिले.