जुळ्यांची आंघोळ आणि कणकेचा गोळा

आज उदगीरला चुलत बहिणीकडं, सुनीताकडं बाळंतविडा घेऊन गेले होते. तिला जुळं झालंय. एक मुलगा, एक मुलगी.

नेमकी आंघोळीची वेळ होती. न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी आधी मुलाला पायांवर घेतलं. तेल चोळलं, ऊन पाणी घातलं आणि दुपट्यात गुंडाळून दिलं.

मग मुलीला घेतलं. आता हळद घातलेला कणकेचा गोळा आला. अंगावरची लव निघावी, रंग उजळावा म्हणून मावशी तो पाठीवर, दंडावर, कपाळावर घासू लागल्या. पोर रडून रडून काळीनिळी झाली. पाठीवर लाल चट्टे होते, एका ठिकाणी कातडी सोललेली होती.

मी विचारलं, "मुलाला का नाही लावला गोळा?" खरं तर दोघांत तोच जास्त सावळा आहे.

"त्याला काय करायचंय? पोरगा हाय त्यो," काकू, म्हणजे सुनीताची आई, म्हणाल्या. "हिला उद्या बघाय येतील की लोकं."

"सुनीताला पण असंच घासलं होतं का?"

"हाव. लई घासलं."

"मग ती गोरी झाली का?"

सुनीता हसली. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "न्हाई झाली. म्हणून तर हिला जास्त घासायलोत."

डॉक्टरला दाखवा, एवढंच सांगून मी निघाले. मुलगा झोपला होता. मुलगी अजून रडत होती.

तुमच्या घरात हा गोळा बंद झाला असेल, तर कुणी आणि काय बोलून बंद केला, ते लिहा. काकूंना काय सांगावं, मला अजून सुचलेलं नाही.