वहीतली राख

परळीतल्या घरमालकीण मावशी नसत्या, तर मी गोष्ट पूर्ण केलीच नसती. जुनी वही झटकली, की तिकडच्या वीजकेंद्रातली कोळशाची राख अजून पडते. सातवीत शाळा सोडलेला मी तिथं कामाला होतो, घर लांब कोकणात, तीन दिवाळ्या गेलो नव्हतो. मुलांसाठी पहिलीच गोष्ट लिहिली होती, पण धास्तीनं छापायला पाठवत नव्हतो. मावशींनी ओट्यावर आपल्या नातीला बसवून मला ती वाचून दाखवायला लावली. हरवलेल्या कोकराला तळं मिळालं, मित्र मिळाले, गोष्ट संपली. नात म्हणाली, "त्याला घरी कावून न्हाई नेलं?" मावशी हळूच म्हणाल्या, "तू न्हाई गेलास, बाबा. त्याला तरी जाऊ दे की." तिथंच बसून मी कोकराला आईजवळ पोचवलं. आता पुस्तक निघतंय. पहिली प्रत मावशींच्या हातात देईन. त्याआधी मात्र घरी जाऊन यायला हवं, कारण घरी गेलास का, हेच मावशी पहिल्यांदा विचारतील.