इल्लीवरेगू नीरु

आमच्या वेंकोजीमामांना कुणी पाण्याचा पेला दिला, की ते आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. आम्ही पोरं चेष्टा करायचो, "मामा, विष नाही घातलं!" मामी, भागीरथीबाई, मात्र कधी हसल्या नाहीत. त्यामागचं कारण मला मामांनी एकदाच सांगितलं, आणि माझी चेष्टा त्या दिवशी बंद झाली.

मामा म्हैसूरच्या मोजणी कचेरीत कारकून होते. पणजोबा घोडदळात, पणतू टाकदौतीशी. पण देवराज मोहल्ल्यातून पगडी घालून निघाले, की घोडा तेवढा दिसायचा राहिलाय असं वाटे. १९११च्या उन्हाळ्यात कावेरीवर धरण बांधायचं चाललं होतं. पाणी कुठवर चढेल ते दुर्बिणीतून बघून इंजिनियर गावोगाव खडकावर चुन्याची रेघ ओढून घेत. पुढचं काम मामांचं. रेघेखालच्या लोकांना चावडीवर जमवायचं, गाव बुडणार हे समजावायचं, कुठे जायचं आणि देऊळ कुठे हलवायचं ते विचारून लिहून आणायचं. मुदत चाळीस दिवस. तेवढ्यात जे गाव मागणी करेल, त्याला कालव्याकाठी एका जागी जमीन मिळणार होती. "घाई करू नका राव," इंजिनियरांनी बजावलं होतं, "घराघराला कळलं पाहिजे."

मामांना नेमकी घाई होती. दुसऱ्या दिवशी तुंगाचं, त्यांच्या लेकीचं बारसं होतं आणि कल्लकोप्पल हे शेवटचं गाव राहिलं होतं. चावडीसमोरच्या शिळेवर रेघ ताजी होती. मामांनी छडी टेकवली आणि कानडीत म्हणाले, "इल्लीवरेगू नीरु बरुत्ते." पाणी इथवर येणार.

गावात एकच आरडाओरडा झाला, पण आनंदाचा! दोन वर्षं पाऊस दगा देत होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि सरकारी माणूस सांगत होता की पाणी येणार. पुट्टम्मा नावाच्या विधवेने घरून हळदकुंकू आणून त्या रेघेला लावलं. "बुद्धी," ती मामांना म्हणाली. तिकडे अंमलदाराला बुद्धी म्हणतात. त्या दिवशी मामांना चाळीस घरांनी बुद्धी म्हटलं असेल, आणि ती मात्र मामांपाशी नव्हती. तिने शहाळं फोडून हातात दिलं.

"मला लगेच कळलं रे, ते चुकीचं समजलेत," मामा मला म्हणाले. "तोंड उघडलं. आणि त्या तोंडाने शहाळं प्यालो. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं, अष्टे, एवढंच. ती खेप काही झाली नाही, नोडु, बघ."

कागदावर 'हरकत नाही' लिहून त्यांनी सगळ्यांचे अंगठे घेतले. पुट्टम्माच्या बोटाला कुंकू होतं, तिचा ठसा लालसर उठला. मामा बारशाला वेळेवर पोचले.

तीन वर्षांनी गाव सोडायचा हुकूम निघाला, तेव्हा कल्लकोप्पलला खरा अर्थ कळला. शेजारच्या गावाने मुदतीत मागणी केली होती. ते देवळासकट कालव्याकाठी गेलं. कल्लकोप्पलची माणसं म्हैसूरला कचेरीत आली. पुट्टम्मा पुढे होती. पाणी येणार म्हणून तिने रेघेखाली एकवीस नारळ लावले होते, पार खांद्याला लागले होते.

इंजिनियरांनी कागद काढला. काळ्या ठशांमध्ये तो एक लालसर ठसा. "हा तुझाच ना?" तिने मान हलवली. मग ते मामांकडे वळले. "राव, खरं सांगा. यांना समजावलं होतं? नसेल, तर मुदत पुन्हा उघडता येईल. मी स्वतः लिहीन."

एक 'नाही' म्हणायचं होतं. गाव एका जागी राहिलं असतं. मामांची नोकरी गेली असती. मामांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. ते बघून पुट्टम्माच बोलली, "बुद्धींनी सांगितलं होतं, स्वामी. पाणी इथवर येणार, असंच म्हणाले. आम्हा अडाण्यांनाच उमगलं नाही."

"हो," मामा म्हणाले. "सांगितलं होतं."

जन्माची कानडी बाई आपल्यालाच कानडी कळली नाही म्हणाली, आणि घरात मराठी बोलणाऱ्या मामांनी ते तिच्याच पदरात टाकलं. मला मामांचा राग आला. अजूनही येतो, आणि ते माझे लाडके मामा होते.

चाळीस घरं पांगली. कुणी टी. नरसीपूरकडे, कुणी आणखी कुठे. धरण भरलं, कालव्याखालच्या शेतांत भात डोलू लागलं, आणि ते चांगलंच झालं. पेन्शन झाल्यावर मामा पुट्टम्माचा पत्ता काढत सरगूरला गेले. खडकाळ जमीन, मैलभर लांब विहीर. सगळं सांगून तिच्या पाया पडायचं, असं ठरवून गेले होते.

"तिने मला ओळखलं," मामा म्हणाले. "'बुद्धी, उन्हातून आलात,' म्हणाली, आणि घागरीत तळाशी होतं तेवढं ओतून पेला हातात दिला. तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथे राग नव्हता रे, काहीच नव्हतं."

"मग सांगितलंत?"

मामांनी मांडीवरची पगडी फिरवली.

"नाही. पाणी पिऊन परत आलो."